एका शाळेत दाटी, दुसरीत कुलूपबंद खोल्या : महापालिका शाळांचा पट आणि उपक्रम पालकांना सोबत घेऊन कसे विभागायचे?

प्रश्न : पालक_दक्षिणपुणे

नमस्कार. पुण्याच्या दक्षिण भागात एक-सव्वा किलोमीटरच्या टापूत महापालिकेच्या तीन प्राथमिक शाळा आहेत. पहिली इंग्रजी माध्यमाची. तिथे पहिली-दुसरीच्या वर्गात एका बाकावर तिघं बसतात. दुसरी मराठी माध्यमाची. पाचही इयत्ता मिळून पट साठीच्या आत-बाहेर, आणि वरच्या मजल्यावरच्या खोल्यांना कुलूप. तिसरीही मराठी माध्यमाची, पण वस्तीच्या तोंडाशी असल्यामुळे भरलेली, दोन अधिवेशनांत (सकाळ-दुपार अशा दोन पाळ्यांत) चालते. बालवाडी, संगणक कक्ष, शिष्यवृत्तीचे जादा तास, सगळं पहिल्याच शाळेत एकवटलंय.

तिन्ही शाळा व्यवस्थापन समित्यांमधले काही पालक एकत्र बसायला तयार आहेत. जाणकारांकडून हे हवंय : आकडे कोणते आणि कुठून काढायचे? मुलं हलवायची की वर्ग आणि उपक्रम हलवायचे? पट इकडचा तिकडे झाला की शिक्षकांची पदं जातात ही भीती कितपत खरी? बैठकीला नेहमीचे दहा-बारा पालकच येतात. बांधकामावर आणि घरकामाला जाणाऱ्या आयांना कसं सामील करून घ्यायचं?

---

उत्तर १ : पट_आणि_पद

पदांपासून सुरुवात करतो, कारण सगळी गाडी तिथेच अडते.

शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत पहिली ते पाचवीसाठी हिशेब असा आहे : ६० मुलांपर्यंत २ शिक्षक, ६१ ते ९० ला ३, ९१ ते १२० ला ४, १२१ ते २०० ला ५. १५० च्या वर मुख्याध्यापक वेगळा. २०० च्या पुढे मुख्याध्यापक वगळून दर शिक्षकामागे ४० पेक्षा जास्त मुलं नकोत. म्हणजे तुमच्या दुसऱ्या शाळेत ५८ मुलं असतील तर पाच इयत्तांना दोन शिक्षक. एका खोलीत पहिली-दुसरी, दुसऱ्या खोलीत तिसरी-चौथी-पाचवी. पालक त्या शाळेकडे पाठ फिरवतात त्याचं मोठं कारण हे आहे. इमारतीला रंग देऊन ते जात नाही.

आता दोन मराठी शाळांचं गणित मांडून बघा. समजा भरलेल्या शाळेत २६० मुलं आहेत आणि रिकाम्या शाळेत ५८. २६० भागिले ४० म्हणजे साडेसहा, म्हणजे ७ शिक्षक. दुसरीकडे २. एकूण ९. पहिलीत येणाऱ्या १० मुलांनी रिकाम्या शाळेत नाव घातलं, तर इकडे २५० उरतात, शिक्षक ७ च राहतात. तिकडे ६८ होतात आणि तिसरा शिक्षक लागतो. एकूण १०. तेच २० मुलं गेली तर इकडे २४० होऊन ६ वर येतात, तिकडे ७८ ला ३, एकूण पुन्हा ९. दहा मुलांनी फायदा होतो आणि वीस मुलांनी एक शिक्षक फक्त या शाळेतून त्या शाळेत जातो. म्हणून "अर्धी मुलं तिकडे पाठवू" असं बोलण्याआधी प्रत्येक आकड्याला पदं किती होतात ते कागदावर मांडा.

इथे सावध राहा. वरचा हिशेब कायद्याचा आहे. प्रत्यक्ष मंजुरी संचमान्यतेतून, म्हणजे पटावरून शाळेला किती पदं ते ठरवणाऱ्या शासकीय मंजुरीतून मिळते, आणि तिचे निकष १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयाने बदलले आहेत. नवीन पद मिळायला लागणारा पट आणि असलेलं पद टिकायला लागणारा पट एकच असतो असं धरून चालू नका. आपल्या शाळेची चालू वर्षाची संचमान्यता मुख्याध्यापकांकडून बघून घ्या आणि बदललेल्या पटावर किती पदं बसतील ते पर्यवेक्षकांकडून लेखी पडताळा.

दुसरा खड्डा माध्यमाचा. इंग्रजी माध्यमाच्या शाळेतला जास्तीचा पट मराठी शाळेच्या पदांना उपयोगी पडत नाही. एकाच आवारात दोन माध्यमं असली तरी यूडायस क्रमांक (शाळेचा सरकारी ओळख क्रमांक) वेगळे असतात आणि पटही वेगळा धरला जातो. "इमारत एक म्हणजे शाळा एक" हे गृहीत धरून केलेले प्रस्ताव पहिल्याच टेबलावर परत येतात.

पटाच्या आकड्यांबद्दल. यूडायस प्लस या सरकारी संकेतस्थळावर शाळेचं रिपोर्ट कार्ड कुणालाही बघता येतं : इयत्तावार मुलं, शिक्षक, खोल्या, स्वच्छतागृहं. तीन वर्षांचं काढा आणि एकाखाली एक लिहा. एका वर्षाचा आकडा फसवतो. आडवं न वाचता तिरकं वाचा : यंदाची पहिली पुढच्या वर्षी दुसरीत किती उरली, दुसरी तिसरीत किती. आपल्याकडे सगळ्यात मोठी घसरण चौथी ते पाचवी या टप्प्यावर दिसेल, कारण अनुदानित हायस्कुलांचे वर्ग पाचवीपासून सुरू होतात आणि मुलं तिकडे जातात. ही गळती माहीत नसेल तर पाचवीच्या खोल्यांचा अंदाज हमखास चुकतो.

पुढच्या पहिलीचा अंदाज अंगणवाडी आणि बालवाडीच्या याद्यांवरून बांधा. प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरपर्यंत सहा पूर्ण करणारी मुलं किती, कोणत्या वस्तीतली, एवढंच अंगणवाडी सेविकेकडून घ्या. त्यात एक अनिश्चितता राहतेच. खासगी शाळांतल्या २५ टक्के राखीव जागांच्या सोडतीत नाव लागेल या आशेवर बरेच पालक थांबतात, त्यामुळे पहिलीचा खरा पट शाळा सुरू झाल्यावर काही आठवड्यांनी स्थिरावतो.

आणि पट म्हणजे उपस्थिती नव्हे. ऑक्टोबर २०११ मध्ये राज्यभर पटपडताळणी करावी लागली ती याच फरकामुळे. सण, बाजार, परीक्षा नसलेले तीन साधे दिवस निवडून वर्गातली डोकी मोजा आणि ती संख्या पटाशेजारी लिहा. पोषण आहाराच्या नोंदीशी ताडून बघा.

---

उत्तर २ : मुठाकाठ

माणसांच्या बाजूचं लिहिते, ताई.

कायद्याने समिती प्रत्येक शाळेची वेगळी असते. तीन चतुर्थांश सदस्य पालक, निम्म्या महिला, दुर्बल आणि वंचित घटकांतल्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा. तीन शाळांची मिळून समिती कायद्यात नाही. म्हणून संयुक्त बैठकीत ठरलेलं प्रत्येक समितीने आपापल्या सभेत, त्याच शब्दांत, ठराव म्हणून मंजूर करायचं. ठराव क्रमांक, तारीख, उपस्थितांच्या सह्या आणि अंगठे, आणि ठरावात विरोध करणाऱ्यांचं म्हणणंही. विरोध गाळलेला ठराव वरच्या कार्यालयात एका तक्रार अर्जाने कोसळतो.

ठराव सुटा ठेवू नका, शाळा विकास आराखड्यात घाला. तो आराखडा समितीनेच करायचा असतो. तीन वर्षांचा इयत्तावार पट, लागणारे शिक्षक, लागणाऱ्या खोल्या, खर्च, हे सगळं त्यातच अपेक्षित आहे. बहुतेक ठिकाणी मुख्याध्यापक गेल्या वर्षीचा कागद तारीख बदलून पुढे पाठवतात, आणि ते समजण्यासारखं आहे, कारण लिहायला दुसरं कुणी हात लावत नाही. तीन शाळांचे आराखडे एकाच वेळी, एकमेकांचे आकडे समोर ठेवून लिहिले गेले तर तुमचं निम्मं काम तिथेच होतं.

आता न येणाऱ्या आया. त्यांना वेळ नसतो हे अर्धंच खरं आहे. वेळ आपण चुकीची देतो. धुणीभांडी करणाऱ्या बायकांची सकाळची कामं उरकतात आणि संध्याकाळची सुरू व्हायची असतात, त्या मधल्या दुपारी, साधारण अडीच ते चार, त्या घरी असतात. बांधकामावरची जोडपी अंधार पडल्यावर परततात आणि मग चूल असते. त्यांच्याकडे रविवारी सकाळी साइटवरच्या खोल्यांपाशी जायचं. एकच मोठी सभा शाळेच्या हॉलमध्ये घेण्यापेक्षा वस्तीत, अंगणवाडीत, सार्वजनिक नळाजवळच्या ओट्यावर पंधरा-वीस जणींच्या पाच-सहा बैठका घ्या. प्रत्येक ठिकाणी तेच चार प्रश्न विचारा आणि उत्तरं त्यांच्याच शब्दांत टिपा : मूल शाळेत कोण सोडतं? वाटेत भीती कशाची? धाकटं भावंड कुठे असतं? ही शाळा का निवडली? तिसऱ्या प्रश्नाला मी फार महत्त्व देते. मोठी बहीण धाकट्याला सांभाळण्यासाठी घरी राहते, आणि मराठी शाळेत बालवाडी नसल्यामुळे ती पटावर असून वर्गात नसते. हे संगणक कक्षाच्या चर्चेत कधीच पुढे येत नाही.

सूचना फक्त व्हॉट्सअॅपवर टाकू नका. टाकलीच तर आवाजी निरोप टाका, मराठीत आणि हिंदीत. वस्तीत कानडी किंवा तेलुगू बोलणारी घरं असतील तर त्यांच्यातल्याच एकीच्या आवाजात. रेशन दुकान आणि अंगणवाडीच्या दारावर मोठ्या अक्षरांत कागद लावा.

स्थलांतरित मुलांबद्दल एक गोष्ट ठामपणे सांगते. दाखला नाही, जन्माचा पुरावा नाही, उशीर झाला, या कारणांनी प्रवेश नाकारता येत नाही, आणि स्थलांतरित कुटुंबांतल्या मुलांचे प्रवेश होतील हे पाहणं महापालिकेचं कायद्याने ठरलेलं काम आहे. पण प्रत्यक्षात दाटीच्या शाळेतून त्यांना "जागा नाही" म्हणून तोंडी परत पाठवलं जातं आणि ती रिकाम्या शाळेपर्यंतही पोचत नाहीत, कारण ती शाळा आहे हेच कुणी सांगत नाही. तिन्ही शाळांनी एक साधी वही ठेवावी : कोण विचारायला आलं, कोणत्या वस्तीतून, कुठे पाठवलं, तिथे नाव लागलं का. आठवड्यातून एकदा तिन्ही वह्या समोरासमोर. दुसऱ्या गावी परतणाऱ्या मुलाच्या हाती शिक्षण हमी पत्रक (तिथल्या शाळेत शिक्षण चालू ठेवता यावं म्हणून द्यायचा कागद) द्यायला विसरू नका.

आकडे भिंतीवर लावताना मुलांची नावं, जात, अपंगत्व काहीही नको. वस्तीवार संख्या पुरते, आणि एखाद्या वस्तीतली मुलं पाचपेक्षा कमी असतील तर ती शेजारच्या वस्तीत मिळवून दाखवा, नाहीतर कोण ते लगेच ओळखू येतं.

---

उत्तर ३ : अक्षरओळ

या चर्चेत लवकरच कुणीतरी म्हणेल की रिकाम्या मराठी शाळेत इंग्रजी माध्यमाची तुकडी सुरू करा. माझा याला विरोध आहे, आणि कारण भावनेचं नाही. तुकडी सुरू झाली की त्याच आवारातली मराठीची पहिली पुढच्या जूनमध्ये आणखी लहान होते, पट साठच्या बराच खाली जातो, दोन शिक्षकांवर पाच इयत्ता कायमच्या बसतात आणि मग "पट नाही" म्हणून शाळाच बंद करण्याचं बोलणं सुरू होतं. २०२३ मध्ये समूह शाळांचा (कमी पटाच्या शाळा एका शाळेत एकत्र करण्याचा) विषय आला तेव्हा आपल्याच जिल्ह्यातल्या पानशेतचं उदाहरण पुढे ठेवलं गेलं होतं. डोंगरातल्या विखुरलेल्या वाड्यांचा तो उपाय दाट वस्तीच्या शहरात आणायची गरज नाही. इथे मुलं आहेत, ती शेजारच्या इमारतीत कोंबलेली आहेत.

पालकांना इंग्रजी हवं आहे हे मात्र खरं, आणि ते मागणं योग्यच आहे. त्यासाठी मराठी शाळेत सेमी-इंग्रजी : गणित आणि विज्ञान इंग्रजीतून, बाकी मराठीतून. यात तीन चुका वारंवार होतात. सगळ्या इयत्तांना एकदम लागू करणं ही पहिली. चौथीतल्या मुलाला अचानक इंग्रजीतून भागाकार शिकवला की त्याचं गणितच जातं. पहिलीपासून सुरू करून दरवर्षी एक इयत्ता वर न्या. दुसरी चूक, शिकवणारं कोण हे न बघणं. पुढची तीन वर्षं त्या शाळेत राहणारे निदान दोन शिक्षक इंग्रजीतून गणित शिकवायला तयार आणि समर्थ हवेत. बदलीच्या यादीत कोण आहे ते आधी विचारा. तिसरी, पुस्तकं. इंग्रजीतली गणिताची पुस्तकं मागणीत वेळेवर नोंदवली नाहीत तर जूनमध्ये मराठी पुस्तकावर इंग्रजी शिकवणं सुरू होतं.

आणि बालवाडी रिकाम्या शाळेत आणा. उपक्रम हलवायचा एकच अधिकार मिळाला तर मी हाच हलवेन. मूल ज्या आवारात तीन-चार वर्षांचं असताना रुळतं, त्याच आवारात आई त्याची पहिली करते, फाटक आणि बाई दोन्ही ओळखीचे झालेले असतात. संगणक कक्ष नंतर आला तरी चालेल. शिष्यवृत्तीचे जादा तास तिन्ही शाळांच्या मुलांना एकत्र, शनिवारी, सगळ्यांना मध्ये पडेल त्या शाळेत घेता येतात. त्यासाठी कुणाचा दाखला हलवावा लागत नाही.

---

पालक_दक्षिणपुणे :

खूप आभार. आणखी दोन अडचणी. रिकाम्या शाळेत यायला मोठा रस्ता ओलांडावा लागतो. आणि कुलूपबंद खोल्यांत जुनी बाकं, मोडकी कपाटं भरलेली आहेत, एका खोलीला गळती आहे. शिवाय, अमुक वस्तीने अमुक शाळेतच जायचं असं ठरवता येतं का?

---

उत्तर ४ : नकाशा_हातात

शेवटचं आधी. सक्ती करू नका. जवळची शाळा उपलब्ध करून देणं हे महापालिकेवरचं बंधन आहे, पहिली ते पाचवीला एक किलोमीटर आणि सहावी ते आठवीला तीन किलोमीटर. पालकाने तिथेच जावं असा त्याचा अर्थ होत नाही. शिकत असलेल्या एकाही मुलाला हलवायचं नाही, फक्त नवीन पहिलीचा ओघ वळवायचा, हे पहिल्या बैठकीतच जाहीर करा. तेवढ्याने अर्धा विरोध मावळतो.

दुसरं, नकाशा काढण्याआधी निकष ठरवा आणि त्यांचा क्रमही ठरवा. रेषा आधी दिसली की प्रत्येकजण आपलं घर कुठल्या बाजूला पडलं ते बघतो आणि निकष त्याप्रमाणे वाकतात. माझा क्रम असा असेल : रस्ता ओलांडण्याची सुरक्षितता, भावंडं एकत्र, वर्गातली संख्या, मग अंतर. अंतर मुद्दाम शेवटी ठेवलं आहे. हवाई अंतर ४०० मीटर असलं आणि मध्ये सिंहगड रस्ता किंवा सातारा रस्ता असला, तर सहा वर्षांच्या मुलासाठी ते अंतरच निरर्थक आहे.

रस्ता प्रत्यक्ष चालून बघा, शाळा भरायच्या आणि सुटायच्या वेळी, एका आईला आणि एका मुलाला बरोबर घेऊन. घड्याळ लावा. किती मिनिटं, कुठे थांबावं लागलं, सिग्नलला पादचाऱ्यांसाठी हिरवा दिवा आहे का आणि तेवढ्या सेकंदांत मूल पार होतं का, पदपथावर गाड्या लागल्यात का, पावसाळ्यात कुठे पाणी साचतं. हे पानभर लिहून क्षेत्रीय कार्यालय आणि वाहतूक पोलिसांना द्या. मागणी नेमकी हवी : झेब्रा पट्टे, गतिरोधक, भरण्या-सुटण्याच्या वेळी वॉर्डन. "रस्ता सुरक्षित करा" एवढंच लिहिलेल्या अर्जावर कुणाला कृती करता येत नाही. ओलांडणं अशक्यच असेल तर त्या बाजूची वस्ती रिकाम्या शाळेला जोडू नका, दुसरी वस्ती शोधा.

भरलेल्या शाळेच्या दोन अधिवेशनांचंही बघा. २०२४-२५ पासून पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी ९ किंवा त्यानंतर भरवायचे असा शासन निर्णय आहे. दोन अधिवेशनांच्या शाळेत लहान वर्ग सकाळी सातला बसवले असतील तर ते दुपारी घेऊन पाचवी (आणि असतील तर पुढचे वर्ग) सकाळी आणावी लागते. त्यात भावंडांच्या वेळा फुटतात आणि आईला दोन फेऱ्या पडतात. हा मुद्दा बैठकीत आकड्यानिशी मांडा : दोन फेऱ्या पडणारी घरं किती? हा आकडा समोर आला की "एका अधिवेशनाची शाळा" हे रिकाम्या इमारतीचं सर्वांत मोठं आकर्षण ठरू शकतं.

खोल्यांबद्दल. आधी यादी : खोली क्रमांक, टेपने मोजलेली लांबी-रुंदी, पंखे, दिवे, गळती, भिंतीच्या भेगा, आत काय भरलंय. मोडकं सामान जड वस्तू नोंदवहीत असतं, त्यामुळे मुख्याध्यापक ते स्वतःहून फेकू शकत नाहीत. निर्लेखनाचा, म्हणजे ते नोंदीतून कमी करण्याचा प्रस्ताव द्यावा लागतो. तो आजच द्या, खोली मोकळी व्हायला सगळ्यात जास्त वेळ इथेच जातो. गळती आणि भेगा असलेल्या खोल्यांची भवन विभागाच्या अभियंत्याकडून पाहणी झाल्याशिवाय तिथे मुलं बसवू नका.

जाता जाता, अमेरिकेतल्या पोर्टलंड शहराच्या सरकारी शाळा चालवणाऱ्या यंत्रणेने हेच काम शाळा आणि पालकांच्या प्रतिनिधींचा एकत्र गट करून केलं. शहराच्या आग्नेय भागात २०२१ मध्ये केलॉग ही नवी मिडल स्कूल उघडली, आणि हद्दी (कुठल्या भागातली मुलं कुठल्या शाळेत) ठरवताना दुसऱ्या भाषेतून शिकवणारे वर्ग कुठल्या इमारतीत असावेत हाही प्रश्न त्याच टेबलावर घेतला. आपल्याला त्यातून घेण्यासारखं एवढंच : हद्द आणि उपक्रम वेगवेगळ्या बैठकांत ठरवले की एकाने साधलेलं दुसरा उधळतो. बाकी त्यांची हद्दीची सक्ती आपल्याकडे चालणारी नाही.

---

पट_आणि_पद :

वेळेचं राहिलं होतं. संचमान्यतेला ३० सप्टेंबरचा पट धरतात, म्हणून बरेच जण सप्टेंबरमध्ये जागे होतात. तोपर्यंत पहिलीचे प्रवेश झालेले असतात. दुरुस्तीचे पैसे हवे असतील तर महापालिका नागरिकांकडून अंदाजपत्रकासाठी सूचना मागवते ती मुदत साधारण ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये असते. तो अर्ज क्षेत्रीय कार्यालयात जातो, म्हणजे खोल्यांची यादी जुलैपर्यंत तयार हवी. डिसेंबरअखेर तिन्ही विकास आराखडे. जानेवारीत वस्तीबैठका, फेब्रुवारीत तीन ठराव, मार्च-एप्रिलमध्ये अंगणवाडीतून सहा वर्षांच्या मुलांच्या घरी जाऊन प्रवेश. मे महिन्यात वस्त्या गावी जातात, तेव्हा कुणी भेटत नाही. जूनच्या मध्यावर शाळा भरते.

पोचपावतीशिवाय एकही कागद देऊ नका. आवक क्रमांक आणि शिक्का असलेली प्रत तिन्ही समित्यांच्या फायलींत. समितीचे पालक सदस्य बदलतात, मुख्याध्यापकांची बदली होते; पुढच्या जूनमध्ये त्या फायलीवरूनच नव्या माणसाला काम पुढे नेता येईल.

आणि सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात मुलांच्या आधार पडताळणीची यादी बघाच. नावाच्या एका अक्षराचा किंवा जन्मतारखेचा फरक पडला की मूल वर्गात बसलेलं असूनही मोजणीतून गळू शकतं. ६२ चे ५९ व्हायला तीन नावं पुरतात.